पाणी सोडणारा

आज चावी जमा केली.
चार फूट लोखंड, वर आडवा दांडा,
दोन्ही टोकं माझ्या तळव्यांनी गुळगुळीत केलेली.
स्टोअरच्या कारकुनानं रजिस्टरात लिहिलं :
व्हॉल्व्हची चावी, एक नग, जुनी.
सही केली. अंगठ्याला गंज लागला होता,
तो कागदावरही उमटला.

निरोपाला नारळ मिळाला, आणि टॉवेल.
सोलापुरात दुसरं काय मिळणार.

एकतीस वर्षं ही खांद्यावर टाकून सायकल हाणली
जोडभावी पेठेतून, पार विडी घरकुलापर्यंत.
मे महिन्यात रात्री दोनलाही भिंती तापलेल्या,
आत कुठंतरी एखादा माग खटखटतोय,
आणि उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाया,
हात विडीवर, कान नळावर.
"मामा, आज येतंय ना?"
"येतंय. जरा दम धरा."

झाकण उचलायचं, झुरळांना हटकायचं,
चौकोनी डोक्यावर चावी बसवायची
आणि दांड्याला कान लावायचा.
आधी काहीच नसतं.
मग लांबून, थेट उजनीवरून निघाल्यासारखा
एक श्वास.
तेव्हा फिरवायचं. बावीस फेरे, सावकाश,
घाई केली की पाइप फुटतो.
हे इरण्णांनी शिकवलं. त्यांचा डावा अंगठा
एका झाकणाखाली राहिला होता,
म्हणून ते मोजायचे नऊ, परत नऊ, आणि चार.
मला दहाही बोटं आहेत,
तरी मी तसंच मोजत आलो.

नळ खोकायचे. तांबडं यायचं, मग पांढरं.
मग अख्खी गल्ली उठायची :
नीळ्ळु वच्चिनै! नीर बंतु! पानी आ गया रे!
आलं बे आलं!
न येणाऱ्या दिवशी शिव्याही
याच चार भाषांत खाल्ल्या.
चारी भाषा मला तिथंच आल्या.

नरसम्माच्या पोरीचं लग्न होतं.
दहा मिनिटं जास्त ठेव म्हणाली, ठेवलं.
ती दहा मिनिटं पुढच्या गल्लीच्या घागरीतली होती.
नरसम्मा अजून रस्त्यात थांबवून लाडू देते.
पुढच्या गल्लीनं कधी विचारलं नाही.
तो हिशेब तसाच राहिला.

माझं घर लाइनीच्या शेवटी.
सुगला म्हणायची,
गावाला पाणी सोडता अन् आपली घागर पालथी.
म्हणायची आणि हसायची,
आणि शेजारून दोन तांब्ये आणून
माझ्या अंघोळीला ठेवायची.
आता घरात एकच घागर लागते.

पाणी माझं नव्हतंच कधी.
नदीचं होतं, धरणाचं होतं,
धरणात ज्यांची गावं गेली त्यांचं होतं.
माझे फक्त फेरे.
पण त्या फेऱ्यांनी मला काय काय दिलं,
रात्रीचा चहा, ओट्यावरची झोप,
नावानं हाक मारणारी एकशे चाळीस घरं,
हे रजिस्टरात कुठं लिहायचं
त्या पोराला कळलं नसतं.

चावी आता सोमनिंगकडे.
मनगटं बारीक आहेत त्याची.
फोड येतील, हे सांगितलं नाही.
कान लाव, एवढंच सांगितलं.

रात्री दोनला आपोआप जाग आली.
चप्पल शोधली, मग आठवलं.
अंधारात पडून राहिलो.
नळ खोकला. फार लवकर खोकला.
घाई करतंय पोरगं.
नऊ… परत नऊ…
ओठांवर आलेलं मोजणं
अठरावर थांबवलं.
पुढचे चार त्याचे.

उठलो. नळाखाली हात धरला.
तांबडं गेलं, पांढरं आलं,
तळहातावरून वाहू लागलं,
जाऊ दिलं.
खाली घागर ठेवलेली होती.